मधल्या सुट्टीनंतर वर्ग जागेवरच येत नाही: नेमकं कुठे बिघडतंय ते कसं शोधायचं

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून लागलेल्या नवीन शिक्षणसेवकांशी बोलताना हा प्रश्न हमखास निघतो, आणि खरं सांगायचं तर नोकरीत केस पांढरे झालेल्यांनाही तो असतोच, फक्त ते विचारत नाहीत. सकाळचा परिपाठ झकास होतो, पहिल्या दोन तासिका बऱ्या जातात, मग खिचडी होते आणि तिथून पुढे सगळं हातातून सुटतं. घंटा होऊन वीस-पंचवीस मिनिटं झाली तरी दोघं नळावर, एकजण दप्तर शोधतोय, एकीची चप्पल कुणीतरी लपवलीय, चारजण करंगळी वर करून उभे आणि आपण फळ्यापाशी ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ओरडतोय. घडी घालतात, बोट ठेवतात, आपण वळून खडू हातात घेईपर्यंत बोट खाली. उद्या परत तेच.

मी लिहितेय ते द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतला, पहिली-दुसरी एकत्र बसणारा वर्ग डोळ्यासमोर ठेवून. तुमच्याकडे एक वर्ग एक शिक्षक असेल तर यातलं बरंचसं अजून सोपं जाईल.

आधी एक हिशोब, कारण हे ‘पोरं आहेत, चालायचंच’ म्हणून सोडून द्यायचं प्रकरण नाहीये. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय, म्हणजे दिवसाला सरासरी ४ तास. रोज २५ मिनिटं वर्ग जागेवर बसवण्यातच गेली तर २०० दिवसांत ८३ तास जातात, म्हणजे जवळपास २१ दिवसांची शाळा. फक्त सुट्टीनंतरच्या गोंधळात. आणि मग आपणच मार्चमध्ये म्हणतो की अभ्यासक्रम पूर्ण होत नाही.

आधी मोजा, ओरडणं नंतर

दोन-चार दिवस काहीही बदलू नका. एका कागदावर फक्त तीन वेळा लिहा: घंटा कधी झाली, शेवटचं मूल आत कधी आलं, आणि निम्म्या मुलांनी प्रत्यक्ष काहीतरी करायला कधी सुरुवात केली. तिसरी वेळ महत्त्वाची. आत येऊन मांडी घालून बसणं म्हणजे सुरुवात नाही, पेन्सिल कागदाला लागणं किंवा हातात मणी-काड्या येणं म्हणजे सुरुवात.

हा कागद बघितला की बहुतेकांच्या लक्षात एक गोष्ट येते. पोरं मस्ती करतात ती कामाच्या वेळेत नाही, ती कशाची तरी वाट बघत असताना करतात. नळावर नंबर यायची वाट, उशिरा येणाऱ्यांची वाट, बाईंचं रजिस्टर भरून व्हायची वाट. सहा वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं नुसतं बसवलं तर ते शेजारच्याला ढकलणारच, त्यात त्याच्या स्वभावाचा काही संबंध नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेकब कुनिन यांनी वर्गांचं व्हिडिओ शूटिंग करून १९७० मध्ये साधारण हेच मांडलं होतं, की मुलांनी गोंधळ केल्यावर शिक्षक काय करतात यात चांगल्या आणि विस्कटलेल्या वर्गांमध्ये फार फरक नसतो, फरक असतो तो गोंधळ व्हायच्या आधी शिक्षक काय करतात यात. आपल्या डीएडला हे नाव कधी कानावर आलं असेल तर आलं असेल, पण वर्गात उभं राहिल्यावर आठवत नाही कुणालाच.

तर कागदावर सगळ्यात मोठी भोकं कुठे पडतायत ते बघा आणि तेवढंच आधी बुजवा. सगळं एकदम सुधारायला जाऊ नका.

नळ

दहापैकी आठ शाळांमध्ये पहिलं भोक इथेच आहे. चाळीस मुलं, दोन नळ (त्यातला एक गळका), आणि सगळे एकाच वेळी ताट घेऊन पळतात. जेवायच्या आधी हात धुताना तीच गर्दी आणि नंतर ताट धुताना तीच. इथे रांग शिस्तीत लावून काही होत नाही कारण रांग कितीही सरळ असली तरी लांबी तेवढीच राहते, आणि लांब रांगेत ढकलाढकली ठरलेली.

उपाय म्हणजे सोडतानाच गटागटाने सोडायचं. पहिलीची मुलं आधी. पोषण आहाराच्या नियमात पहिलीच्या आणि पाचवीच्या मुलाला माप एकच आहे, १०० ग्रॅम तांदूळ, पण पाचवीतलं पोरगं पाच मिनिटांत ताट साफ करून मैदानावर असतं आणि पहिलीतली चिमुरडी एकेक वाटाणा वेचत बसलेली असते. तिला घंटेपर्यंत खेळायलाच मिळत नाही, मग ती घंटा झाल्यावर खेळते. ती ऐकत नाहीये असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात तिची मधली सुट्टी तेव्हा सुरू झालेली असते. म्हणून लहानांना पाच-सात मिनिटं आधी बसवा, ताई स्वयंपाकघरात आधी तयार असतील असं त्यांच्याशी बोलून ठेवा. मुख्याध्यापकांनाही विश्वासात घ्या, तेही तयार होतात कारण शेवटी ताटं मोजायचा ताप कमी होतो.

दुसरं, एक घंटा सुट्टी संपायच्या पाच मिनिटं आधी. ही घंटा म्हणजे पाणी प्या, एक नंबरला जाऊन या, चपला जागेवर लावा. त्यानंतरची खरी घंटा म्हणजे आत. नुसती एकच घंटा असेल तर तहान आणि लघवी दोन्ही मुलांना घंटेनंतरच आठवतात, आणि ते खोटं बोलत नसतात, खेळताना खरंच आठवत नाही.

आल्या आल्या हाताला काम

नळानंतर सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो तर याने. सुट्टी व्हायच्या आधी, म्हणजे मुलं ताटं काढत असतानाच, परत आल्यावरचं काम फळ्यावर लिहून टाकायचं. जो आला त्याने कुणाची वाट न बघता सुरू करायचं. अट एकच, काम असं पाहिजे की ‘बाई हे कसं करायचं’ असं कोणी विचारू नये. म्हणजे नवीन काही नाही. दुसरीला कालचे दहा शब्द, किंवा सहाचा पाढा उलटा, किंवा फळ्यावर अर्धं चित्र काढून ‘पूर्ण करा आणि खाली दोन वाक्यं लिहा’.

पहिलीला वाचताच येत नाही मग फळ्याचा काय उपयोग असं म्हणाल, बरोबर आहे. त्यांच्यासाठी गटात डबे ठेवायचे. एका डब्यात काड्या आणि रबर बँड, दहा-दहाचे गठ्ठे बांधा. एकात अक्षरकार्डं, जोड्या लावा. एकात बाटल्यांची झाकणं, रंगाप्रमाणे लावा आणि मोजा. (चिंचोके सगळे सुचवतात, दिसायला छान आहेत, फुकट मिळतात, पण पहिलीत चिंचोके नाकात जातात. जातातच. झाकणं घ्या, तीही मोठी.) डबे रोज फिरवा म्हणजे कंटाळा येत नाही. ज्या शाळांत फरशीवर ज्ञानरचनावादाची रेखाटनं (म्हणजे मुलांनी हाताळत स्वतः शिकावं म्हणूनची) काढलेली आहेत तिथे तर अर्धं काम आधीच झालेलं आहे, फक्त ती साहेबांच्या भेटीसाठी नसून मुलांसाठी आहेत हे लक्षात ठेवलं की झालं.

आणि एक गोष्ट अगदी कडक पाळा: हे काम तपासून ‘चूक-बरोबर’ करत बसू नका. ते काम म्हणजे वर्गात यायचा उंबरठा आहे, परीक्षा नाही.

मग गोष्ट, आणि गोष्ट कुणासाठी थांबत नाही

काम सुरू झालं तरी तीन-चार भटके शिलेदार बाहेरच असतात. त्यांना हाक मारायला जायचं नाही, दुसऱ्या पोरांना आणायला पाठवायचं तर अजिबात नाही, कारण आणायला गेलेले दोघंही मग तिकडेच रमतात. त्याऐवजी घंटेनंतर पाच-सात मिनिटांनी गोष्ट वाचायला सुरू करायची. मोठी, क्रमशः चालणारी गोष्ट, रोज एक-दोन पानं, आणि रोज अशा ठिकाणी थांबायचं की ‘बाई पुढं सांगा ना’ झालं पाहिजे. उशिरा आलेल्याला मागचं सांगायचं नाही, मीही नाही आणि शेजारचाही नाही. आठवड्याभरात हे भटके दारात पहिले असतात. दुपारी पत्र्याखाली वर्ग तापलेला, पंखा असला तरी लाईट नाही, अशा वेळी गणिताची नवीन संकल्पना घेण्यापेक्षा दहा मिनिटं गोष्ट कधीही परवडते, आणि ती वाया गेलेली वेळ नाहीये, भाषेचा तासच आहे तो. टाचणात, म्हणजे पाठाच्या रोजच्या नोंदीत, तसं लिहा.

आवाज बंद करायची खूण

टाळीची खूण सगळेच वापरतात, म्हणजे आपण ठेक्यात वाजवायची आणि मुलांनी तशीच वाजवायची. एका बोटाची, दोन बोटांची करत पावसाची टाळी पण मस्त. तरी पुष्कळ ठिकाणी ‘माझ्याकडे टाळी चालत नाही’ असं ऐकायला मिळतं, आणि बघायला गेलं तर कारण नेहमी एकच असतं: टाळी झाली, पाऊण वर्ग शांत झाला, पाव वर्ग अजून बोलतोय आणि बाईंनी बोलायला सुरुवात केली. मुलं हुशार असतात हो, त्यांना लगेच कळतं की टाळीनंतर बोललं तरी चालतंय. पूर्ण शांत होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. पहिल्या दिवशी खूप वेळ लागेल, लागू दे. बोलायला लागल्यावरही आवाज खालच्या पट्टीत, कारण आपण वाढवला की ते वाढवतात.

ही खूण वर्गात रागावलेलं असताना शिकवू नका, मैदानावर खेळ म्हणून शिकवा. पळा पळा, टाळी, पुतळा. चार दिवस खेळले की आत वापरा.

‘बाई ह्याने मला मारलं’

सुट्टीनंतर येणाऱ्या तक्रारी हा वेगळाच विषय आहे. प्रत्येकीची सुनावणी घ्यायला बसलात तर तास संपला, साक्षीदार बोलवले तर दिवस संपला. दुसरीपासून पुढच्यांना सांगायचं, चिठ्ठीवर लिहा आणि वर्गातल्या डब्यात टाका (शाळेची अधिकृत तक्रार पेटी वेगळी, ती असतेच, तिच्याशी याची गल्लत नको). पहिलीच्यांनी चित्र काढायचं. दिवसाच्या शेवटच्या दहा मिनिटांत डबा उघडायचा. तोपर्यंत निम्म्या तक्रारदारांची आरोपीशी दोस्ती झालेली असते आणि ‘राहू द्या बाई’ म्हणतात. वर फुकटात लेखनाचा सराव होतो, ‘त्याने माझी पेनसील घेतलि व दिली नाय’ असे एक से एक नमुने मिळतात.

पण हे सगळं चालतं ते किरकोळ भांडणाला. लागलंय, रक्त आलंय, नाकाकानात किंवा डोळ्यात काही गेलंय, कोणी कुठे कोंडलंय, एखादं मूल घाबरून गप्प झालंय, कोणी नको तिथे हात लावला असं सांगतंय, तर हातातलं सगळं सोडून त्याच क्षणी ऐकायचं. हा फरक मुलांनाही नीट सांगून ठेवायचा, एकदा नाही, अधूनमधून.

करंगळ्यांची साथ

एकाने करंगळी वर केली की पाचजणांच्या वर होतात. दाराजवळ दोन खिळे, दोन मण्यांच्या माळा, एक मुलींची एक मुलांची. माळ खिळ्याला असेल तर घालायची आणि जायचं, विचारायचं नाही. माळ नसेल तर ती येईपर्यंत थांबायचं. शिकवणं मध्ये तुटत नाही आणि मैत्रिणीबरोबर फिरायला जाणं आपोआप बंद होतं. मात्र पहिलीतलं मूल चुळबुळ करतंय, पाय आवळून उभं आहे, तर कसली माळ आणि कसला नियम, जाऊ द्या त्याला.

मॉनिटरची वही बंद करा

बाई ऑफिसात, मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितोय, हे दृश्य आपण सगळे लहानपणापासून बघत आलोय. याने शांतता होत नाही, व्यापार होतो. पेरू दिला की नाव पुसलं जातं, चिंच नाही दिली की न बोललेल्याचंही चढतं. त्यापेक्षा प्रत्येकाला एकेक काम द्या, कोणावर नजर ठेवायचं नव्हे, हाताने करायचं. फळा पुसणारा, चपलांची रांग बघणारी, डबे वाटणारे, खडू-डस्टर, झाडांना पाणी, दिनदर्शिकेवर तारीख. दर सोमवारी कामं बदलायची. सगळ्यात वांड पोराला डबे वाटायचं काम द्या, घंटा व्हायच्या आत वर्गात हजर असतं.

यात एकच पथ्य आहे आणि ते आपल्याकडे फार सहज मोडतं, म्हणून लिहिते. झाडू मुलींच्याच हातात, खुर्च्या उचलायला मुलगेच, आणि गावात जे काम ज्या घरांकडे पिढ्यानपिढ्या ढकललंय तेच काम शाळेतही त्याच घरातल्या मुलाकडे, असं होता कामा नये. नावांच्या चिठ्ठ्या टाका नाहीतर हजेरीच्या क्रमाने फिरवा, म्हणजे कोणाच्या मनात काही राहत नाही. जेवायच्या पंगतीलाही हेच.

एकच मूल राहतं तेव्हा

वर्ग बसला आणि एक-दोनच मुलं तशीच राहिली, तर मग त्या मुलाकडे बघायचं, आधी नाही. सकाळी काही खाऊन येतं का? मागे बसवल्यावर जास्त करतं का? मागच्या मुलाला फळा दिसत नसेल किंवा ऐकू कमी येत असेल तर ते काय करणार, शेजारच्याचंच बघणार आणि भांडण होणार. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी या मुलाचं नाव स्वतः डॉक्टरांना सांगा, नुसतं रांगेतून पुढे सरकू देऊ नका.

मेळघाट, नंदुरबार, गडचिरोलीकडच्या शिक्षकांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांनीही ध्यानात ठेवावं. घरी कोरकू, पावरी, गोंडी, वारली किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला ‘जोडीने रांगेत उभे रहा, मग आपापल्या गटात बसा’ यातलं पहिल्या महिन्यात काहीच कळत नाही, ते दुसऱ्यांकडे बघून हलतं, म्हणून नेहमी मागे राहतं आणि आपण म्हणतो लक्ष नसतं. सूचना एका वेळी एकच, हाताची खूण करून, आणि त्यांच्या भाषेतले पाच-सहा शब्द आपणच शिकून घेतलेले बरे. बसा, चला, थांबा, पाणी, झालं का. मुलं आधी हसतात, मग ऐकतात.

शिक्षेबद्दल दोन ओळी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी आहे, आणि उठाबशा, अंगठे धरणं, कोंबडा करणं हे ‘मारलं तर नाही ना’ म्हणून सुटत नाही. पालक स्वतःच येऊन ‘बाई, हाणा त्याला, काय बी म्हणणार नाही’ सांगतात, त्यांना चहा द्या, त्याचं काय चांगलं चाललंय ते सांगा आणि विषय बदला. सुट्टीत कोंडून ठेवणं हीसुद्धा शिक्षाच, आणि आपल्याच अंगावर येणारी, कारण न खेळलेलं पोर दुपारी दुप्पट उड्या मारतं.

बसलेली घडी परत मोडते तेव्हा

मोडणारच. दिवाळीच्या सुट्टीनंतर, आपण आठवडाभर प्रशिक्षणाला जाऊन आल्यावर, स्नेहसंमेलनाच्या तयारीत. ‘जूनमध्ये सांगितलं होतं ना’ याला काही अर्थ नाही, परत जूनसारखंच शिकवायचं, फक्त आता दोन दिवसांत होतं. मराठवाड्यात आणि नगरकडे तर वर्षात दोनदा वर्गच बदलतो, ऊसतोडीला गेलेल्या घरांची मुलं दिवाळीच्या सुमाराला कमी होतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परत येतात, कारखान्याच्या तळावर कुठल्या शाळेत बसली असली तर बसली. आलेल्या मुलाला नियम सांगत बसू नका, एक जोडीदार द्या आणि त्याच दिवशी वर्गातलं एक काम द्या.

रजेवर जाताना दुसऱ्या शिक्षकांसाठी एक कागद ठेवा: पहिली घंटा कधी, डबे कुठे, आज कोणत्या गटाला कोणता, गोष्ट कुठल्या पानावर थांबलीय. दुसऱ्या शिक्षकांना एका वेळी सगळे वर्ग सांभाळायचे असतात, त्यांच्यावर उपकार होतील.

एवढं सगळं करूनही गाडी अडलेली असेल तर तो पहिला कागद परत काढा आणि त्यावर चौथी वेळ लिहा, आपण स्वतः वर्गात किती वाजता आलो. पोषण आहाराची रोजची माहिती मोबाईलवर भरायची असते, ग्रुपवर केंद्रप्रमुखांकडून ‘तात्काळ’ म्हणून काहीतरी आलेलं असतं, चहाही त्याच वेळी येतो, आणि घंटेनंतरची ती पाच मिनिटं वर्गात कोणीच मोठं माणूस नसतं. माहिती मुलं डब्यांवर बसल्यावर वर्गातच उभ्याने भरा. ‘तात्काळ’वाली बऱ्याचदा संध्याकाळपर्यंत परत वेगळ्या नमुन्यात मागवतातच.